दामूअप्पा चपला घालतात

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी इंग्रजी अक्षरांची जोडी टाकली, की तळमजल्यावर दामूअप्पा पायात चपला घालतात. अक्षरं कुणी टाकली ते बघतात, त्याचा फ्लॅट आठवतात, डोक्यावर टोपी चढवतात आणि निघतात. लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही, त्यामुळं जिन्यानं. मग बेल वाजते. तुम्ही जेवत असा, अंघोळीत असा, नाहीतर ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहरा करून बसलेले असा. दार उघडावं तर मोबाइल हातभर लांब धरून अप्पा उभे.

"ह्ये तुमी लिवलंय?"

"हो अप्पा."

"मग ह्येचा अर्थ काय धरायचा आमी?"

अर्थ सांगितला की ते मान हलवतात आणि "पास" म्हणतात. पूर्वी एवढं म्हणून निघायचे. आता बसतात. ते का, ते सांगतेच पुढं.

मी या ग्रुपची अ‍ॅडमिन. हौस म्हणून नव्हे हो! सोसायटीच्या पहिल्या मीटिंगला मी पाणी प्यायला उठले आणि परत येईपर्यंत माझी एकमतानं निवड झालेली होती. तेव्हापासून पाणी, पार्किंग, भटकी कुत्री आणि दामूअप्पा ही खाती माझ्याकडं आहेत. कुत्र्यांचा त्रास त्यातल्या त्यात कमी. अप्पा मला नावानं कधी हाक मारत नाहीत, "अ‍ॅडमिनबाई" म्हणतात. आता भाजीवालासुद्धा तसंच म्हणायला लागलाय.

मोशीत जिथं आमची बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी अप्पांचा कांदा निघायचा. जमीन बिल्डरकडं गेली आणि त्यात तळमजल्याचा फ्लॅट अप्पांच्या वाट्याला आला. नवा भाडेकरू आला की अप्पा त्याला पार्किंगमध्ये गाठून सांगतात, "तुमची गाडी लावलीय ना, बराब्बर तितं आमची इहीर हुती." तो बिचारा रात्रभर गाडी आत पडेल की काय या काळजीत.

शेती होती तरी अप्पांची जिंदगी गेली ती भोसरीकडच्या एका कारखान्यात. गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना, आणि अप्पा क्वालिटीला. चांगल्या मालाला पास, वाईटाला रिजेक्ट, आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला होल्ड. रिटायर झाल्यावर त्यांनी सगळी दुनियाच तपासायला घेतली. गवार पास. जावई पास. नवा वॉचमन होल्ड. बिल्डर कायमचा रिजेक्ट. मी कुठल्या ढिगात आहे हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

त्या कारखान्यात म्हणे एकदा ड्रॉइंगवर दोन अक्षरं होती. साहेबानं त्यांचा एक अर्थ लावला, माल मागवणाऱ्या पार्टीला हवा होता दुसरा, आणि अख्खा लॉट भंगारात गेला. अप्पांनी त्या दिवसापासून कानाला खडा लावला. "अंदाजानं अर्थ लावायचा न्हाई, अ‍ॅडमिनबाई. पार्टीच्या दारात जायाचं आन् इचारायचं."

"अहो पण अप्पा, फोन करून विचारलं तर?"

"फोनवर त्वांड दिसतंय व्हय?"

"मग व्हिडिओ कॉल करा."

"त्यात निस्तं नाक दिसतंय."

नाकाचा मुद्दा मला मान्य करावा लागला.

पहिल्या मजल्यावरचे जोशीकाका रोज सकाळी ग्रुपवर 'जीएम' टाकतात. सुप्रभात म्हणायचाही लोकांना कंटाळा, दुसरं काय! अप्पा दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात. अर्थ कळल्यावर तो पास झाला, पण अप्पांचं समाधान झालं नाही. मला म्हणाले, "आमच्या कंपनीत जीएम यायचा म्हटलं की नळाला पानी, संडासात साबन, सगळं टकाटक. हितं रोज सकाळी जीएम येतोय आन् टाकी तशीच कोरडी." हे वाक्य नेमकं जोशीकाकांनी ऐकलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझ्याशी! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

एकदा दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ गावाला निघाले. कुणीतरी खाली लिहिलं, 'बाय, टीसी.' काळजी घ्या, एवढंच. अप्पा तरातरा जिना चढून त्या गृहस्थांच्या घरी. "पोराचा टीसी काढला? ऐन वर्षाच्या मधी? आवो, शाळा चांगली हाय की ती!" मुलाला आतून हे ऐकू गेलं. शाळा सुटली म्हणून तो जो नाचायला लागला, तो त्याच्या आईच्या एका धपाट्यानं थांबला.

पण सगळ्यात गाजली ती ओटी. तिसऱ्या मजल्यावरची स्नेहल चाकणच्या एका कंपनीत आहे. तिनं एका संध्याकाळी लिहिलं, 'आज ओटी आहे, उशीर होईल. पार्सल आलं तर घेऊन ठेवा.' झालं! जोशीकाकांना वाटलं ऑपरेशन थिएटर. ते विचारायला लागले, रक्तगट कुठला? आणि अप्पांच्या घरी काकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, एकदम खुलल्या. त्यांच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. पोरीला दिवस गेलेत, लाजून आडून आडून सांगतीय. त्यांनी ताट काढलं, तांदूळ घेतले, नारळ घेतला, ट्रंकेतला खण बाहेर आला.

"होल्ड," अप्पा म्हणाले. "आधी इचारू दे."

मग दोघं गेटवर जाऊन उभे. अप्पा मोबाइल घेऊन, काकू ताट घेऊन. कंपनीची बस आली, स्नेहल उतरली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. अप्पांनी मोबाइल पुढं केला. तिनं सांगितलं, "ओव्हरटाइम हो काका."

"पास," अप्पा म्हणाले आणि काकूंकडं वळले. "ऐकलंस? ओव्हरटाइम. न्ये त्ये ताट आत."

"भरल्यालं ताट माघारी न्यायचं नसतंय," काकू म्हणाल्या. "ये गं पोरी हिकडं."

आणि तिथंच, गेटच्या दिव्याखाली, त्यांनी स्नेहलची ओटी भरली. ओव्हरटाइमची! बसमधल्या पोरी खिडकीतून माना काढून बघत होत्या. स्नेहलचं माहेर लांब, परभणीकडं. तिला आधी हसू आलं आणि मग ओढणीत नारळ धरून ती रडायलाच लागली. काकू म्हणाल्या, "आता रडती कशापायी? दमलीस व्हय? जा, चहा पी जा." काकू तशाच होत्या. त्यांच्या हातात नुसतं रिकामं भांडं मी कधी पाहिलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर काकू गेल्या. दुखणं नाही, खुपणं नाही, झोपेतच.

त्यानंतर अप्पांच्या फेऱ्या वाढल्या. बेल वाजायची, अर्थ कळायचा, आणि अप्पा दारातून हलायचे नाहीत. "पानी मिळंल का?" म्हणायचे. पाणी प्यायल्यावर पंख्याकडं बघायचे. मग टीव्हीकडं. मग म्हणायचे, "तुमच्याकडं बरी वर्दळ असती." घरात मी आणि माझा नवरा, तोही शिफ्टला गेलेला. वर्दळ कसली? खरं सांगायचं तर कधी कधी चीड यायची. कुकर लावायचा असतो, ऑफिसचं काम असतं, आणि हा माणूस सोफ्याच्या कडेवर बसून पंखा बघतोय. समोरच्या गॅरेजवाल्या शेखभाईंचा फ्लॅट आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे. ते मात्र ग्रुपवर मुद्दाम कसलीतरी तिरपागडी अक्षरं टाकतात, आणि अप्पा गॅरेजवर पोचेपर्यंत चहा सांगून ठेवतात. मी त्यांना एकदा पकडलं तर म्हणाले, "क्या करें ताई, बूढा आदमी है. घरात भिंतीशी किती बोलणार?"

मग या वर्षीची दिवाळी तोंडावर आली.

अप्पांना एकच मुलगी, वैशाली. निगडीला प्राधिकरणात असते. नवरा भला माणूस आहे (पास झालेला, वर सांगितलंच). ती स्वतः चाकणला नोकरी करते. अप्पांच्या पुतण्यानं सगळ्या नातेवाइकांचा एक ग्रुप काढलाय, त्यात चुलते, मावश्या, भाचरं, सगळा गोतावळा आहे. अप्पांनी एका बोटानं टाइप करून त्यावर टाकलं, 'दिवाळीला या.' लोकांनी हात जोडले, फुलं टाकली, पणत्या टाकल्या. आणि वैशालीनं लिहिलं, 'एनएस आहे. बघू.'

एनएस!

अप्पा ते घेऊन माझ्याकडं आले. मी म्हटलं, "नॉट शुअर असेल. म्हणजे नक्की नाही." अप्पांनी मान हलवली नाही. जोशीकाकांनी 'नो स्टॉक' असा निकाल दिला, त्याला दिवाळीत काय अर्थ ते त्यांचं त्यांना माहीत. कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, "नो सीन, अप्पा. म्हणजे जमणार नाही." माझा नवरा म्हणाला, "नाइट शिफ्ट. त्यात काय एवढं?" अप्पा प्रत्येकाचं ऐकायचे आणि म्हणायचे, "होल्ड." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच दोन अक्षरं घेऊन पुन्हा माझ्या दारात.

शेवटी माझं टाळकं सटकलं. "अप्पा, सोसायटीत कुणी शिंकलं तरी तुम्ही त्याच्या दारात जाता. पोरगी कुठं सातासमुद्रापार आहे का? निगडीला तर आहे! मोशीतून एका बसचं काम. जा आणि विचारा की तिला!"

"व्हय," अप्पा म्हणाले.

"मग कधी जाता?"

"बघू."

"बघू काय? चला, मी सोडते स्कूटीवर."

अप्पा सोफ्याच्या कडेवर बसले. पंख्याकडं बघितलं. मग म्हणाले, "अ‍ॅडमिनबाई, दर सालाला मीच जायाचो तिला आनायला."

आमच्याकडं लेकीला सणाला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक आपणहून पिशवी उचलून येत नाही, मग ती कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असली तरी. तसा नियम काही कुठं लिहून ठेवलेला नाही, पण मनात असतो. माझंच सांगते ना. लग्नानंतर किती तरी वर्षं माझा भाऊ लातूरहून एसटीनं यायचा, गुडघे दुमडून, झोप मोडून, आणि दारात उभा राहून म्हणायचा, "आवर गं लवकर." त्या "आवर गं" साठी मी आठवडाभर आधीपासून दाराकडं कान लावून असायचे. आता तो व्हिडिओ कॉल करतो. मी हसते, त्याच्या मागं आमचं अंगण दिसतं का बघते, आणि फोन ठेवते.

"तुम्हीच जायचात, मग आता काय झालं?" मी विचारलं.

"जायाचो. तिच्या दारात हुभा ऱ्हायाचो आन् म्हनायचो, 'आईनं बोलिवलंय, चल.' येवढंच. वैशूच्या आईनं मला येवढंच शिकीवलं हुतं. पोरगी लगीच निघायची. कवा दुसरा शबुद लागलाच न्हाई." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता कुनाचं नाव सांगू?"

"तुमचंच सांगा," असं म्हणायला हवं होतं. पण ते इतकं सोपं असतं तर माणूस असा दारोदार फिरला असता का? एवढी वर्षं या बापानं पोरीवर जी काही माया केली, ती सगळी बायकोच्या नावावर केली. मी उठून चहा टाकला.

दिवाळी अगदी जवळ आली तरी अप्पा तिथंच, होल्डवर. खाली त्यांच्या दारावर आकाशकंदील नव्हता. संध्याकाळी बाकीच्या बाल्कन्या उजळायच्या आणि तळमजल्याच्या त्या खिडकीत फक्त मोबाइलचा उजेड दिसायचा. नातेवाइकांचा ग्रुप उघडून ते वैशालीची ती दोन अक्षरं बघत बसायचे. मला इतकं वाईट वाटायचं की मी त्यांच्या खिडकीवरून जाताना भरभर पावलं उचलायचे.

आणि मग शेखभाईंच्या सुनेनं एका वाक्यात सगळं हलवलं. ती नर्स आहे, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. अप्पांनी गॅरेजवर मोबाइल दाखवला तर ती सहज म्हणाली, "एनएस? आमच्याकडं तर सलाइनच्या बाटलीला म्हणतात. नॉर्मल सलाइन."

अप्पा माझ्या दारात आले ते बेल न वाजवता. दोन्ही हातांनी दार थापटत होते.

"अ‍ॅडमिनबाई! पोरगी सलाइनवर हाय!"

"अहो, काहीतरीच काय! कुणी सांगितलं?"

"नर्सनं सांगितलं. तिनं लिवलंय की, एनएस हाय, बघू. आवो, ती बघू म्हनती, म्हंजी जगती का न्हाई बघू! आन् मी हितं पंखा बघत बसलोय!"

मी म्हटलं, फोन करून विचारू. तर म्हणाले, "फोनवर ती बरी हाय म्हननार. तिची आईबी तसंच म्हनायची." मी सरळ स्कूटी काढली.

स्पाईन रोडला दुपारची ट्रॅफिक, कंटेनर, डंपर, रिक्षा, आणि मागं अप्पा. टोपी एका हातानं धरलेली, दुसरा हात माझ्या खांद्यावर. सिग्नलला त्यांनी एकदाच विचारलं, "सलाइन लावल्यावर मानसाला बोलता येतं ना?" मी म्हटलं, "येतं, अप्पा. गप्प बसा आता." सिग्नल सुटताच मीही गाडी जरा जास्तच दामटली. येडेपणाची लागण होते बघा.

निगडीला वैशालीनं दार उघडलं ते कोपरापर्यंत भाजणीचं पीठ लागलेल्या हातांनी. आतून चकलीच्या तेलाचा वास येत होता. ठणठणीत बाई! "अप्पा?" ती म्हणाली. पुढं काही बोलायच्या आत अप्पांनी तिचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, दुसरा हात धरला.

"सुई कुठाय?"

"कसली सुई?"

मी सगळं सांगितलं. वैशाली हसता हसता दाराला टेकली. "नाइट शिफ्ट हो अप्पा! या आठवड्यात माझी नाइट शिफ्ट आहे."

म्हणजे माझा नवरा बरोबर होता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आम्ही आत बसलो. अप्पा सोफ्याच्या कडेवर. वैशालीनं पाणी दिलं. अप्पांचा श्वास जरा खाली बसला आणि त्यांच्यातला क्वालिटीवाला जागा झाला. "पन तुज्या कंपनीची बस मोशीवरनंच जाती की. आपल्या घरनं नाइट शिफ्ट केली आसती तर जवळच पडलं आसतं."

"पडलं असतं," वैशाली म्हणाली. "मला माहितीय."

"मग?"

"मग काय? न्यायला कोण आलं मला?"

आत तेल तेवढं चुरचुरत होतं.

"तुम्ही ग्रुपवर बोलावलंत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्या ग्रुपवर सगळी भावकी आहे. सगळ्यांनी फुलं टाकली. मी पण टाकणार होते फुलं. मग म्हटलं, मी काय पाहुणी आहे?" तिनं हातावरचं पीठ झटकलं. "आज न्यायला आलात का?"

आता म्हणा ना, हो म्हणा! मी मनातल्या मनात ओरडत होते.

अप्पा म्हणाले, "अं? न्हाई. त्ये एनएसचं इचारायला आलतो."

वैशालीनं मान हलवली. "कळलं ना मग," म्हणाली आणि चकल्या करायला आत गेली. एखाद्यावर इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी यावी, असं माझं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी दात खाऊन कुजबुजले, "अप्पा!" त्यांनी मला हातानं थांबवलं. खिशातून मोबाइल काढला. हातभर लांब धरला. एका बोटानं टाइप करायला लागले. एक अक्षर, मग थांबणं, मग पुढचं. ओठ हलत होते. किती तरी वेळ हे चाललं. शेवटी त्यांनी बटण दाबलं, मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं डोळे लावून बसले.

वैशालीचा फोन समोर टीपॉयवरच होता. तो गप्प. माझ्या पर्समध्ये मात्र टिंग झालं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दामूअप्पांचा मेसेज आला होता. एकही शब्द तोडलेला नव्हता.

'वैशू तुझी आई न्हाई आता. पन मी हाय. मला घरी करमत न्हाई. तू चल.'

मी कपाळाला हात लावला. गडबडीत त्यांचं बोट नेहमीच्या ग्रुपवर पडलं होतं. पाणी, पार्किंग आणि कुत्र्यांच्या ग्रुपवर! मग स्नेहलनं लिहिलं, 'काका, मी येऊ का?' जोशीकाकांनी लिहिलं, 'आम्ही सर्व आहोत,' आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही छोटं केलं नाही. शेखभाईंनी लिहिलं, 'अप्पा, कुठं आहे बेटी? गाडी घेऊन येतो.'

अप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते आपले दाराकडं बघत होते, आणि त्यांचं ते वाट बघणं मला बघवत नव्हतं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि माझा मोबाइल वैशालीच्या डोळ्यांसमोर धरला. तिचे हात पिठात होते. तिनं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. सोऱ्या ओट्यावर ठेवला आणि बाहेर आली.

"अप्पा, हे तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंत."

अप्पांनी मोबाइल उचलून बघितला. कानापर्यंत लाल झाले. "आरं द्येवा," म्हणाले. मग हळूच, "तू वाचलंस का पन?"

"वाचलं."

"मग झालं की."

"नाही झालं." वैशाली त्यांच्या समोर उभी होती, लहान मुलगी हट्टाला पेटावी तशी. "मला सांगा. कुणी बोलावलंय मला?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. ते उठून उभे राहिले. टोपी सरळ केली, घसा खाकरला. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सवयीचं नाव ओठांवर आलं असणार, ते त्यांनी गिळलं.

"म्या," ते म्हणाले. "म्या बोलिवलंय. मला लई आठवन येती तुजी, वैशू."

वैशालीनं पिठाचे हात लांब धरले आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. अप्पांना रडणाऱ्या पोरीचं काय करायचं ते माहीत नव्हतं. ते तिच्या पाठीवर हात ठेवून नुसतं "हां, हां" करत राहिले आणि स्वतःच रडायला लागले. मी आत गेले, कारण कढईतल्या चकल्या करपत होत्या आणि त्या कुणीतरी काढायला हव्या होत्या.